जुन्या ईमेल खात्यांची गोष्ट

गाव सोडून कायमचा मुंबईस निघालेला माणूस जाण्यापूर्वी दोन-चार कामे न चुकता उरकतो. वाण्याची उधारी फेडतो, घराची किल्ली भावकीत कोणाच्या तरी हाती देतो आणि टपाल शिपायाला नवा पत्ता सांगून ठेवतो. ही शहाणीव आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. परंतु ईमेलचे खाते सोडताना हेच शहाणे लोक यांतले काहीही करीत नाहीत. नवे खाते उघडले की जुने तसेच पडून राहते. ना कुलूप, ना किल्ली, ना नवा पत्ता. असे का झाले, त्यातून कोणते अनर्थ ओढवले आणि जुने खाते रीतसर कसे मिटवावे, हे आज आपण इतिहासाच्या अंगाने पाहू.

श्रोतेहो, ईमेलचा जन्म १९७१ सालचा. अमेरिकेतील केंब्रिज गावी रे टॉमलिन्सन नावाच्या अभियंत्याने एका संगणकावरून शेजारच्याच दुसऱ्या संगणकावर निरोप धाडला. माणसाचे नाव आणि त्याच्या यंत्राचे नाव यांच्यामध्ये त्याने गोल शेपटीचे 'अ‍ॅट' हे चिन्ह घातले. आज शाळकरी पोरालाही ठाऊक असलेले ते चिन्ह तेव्हापासूनचे. त्या काळी पत्ता हा संस्थेचा असे. नोकरी संपली की पत्ताही संपला. आपल्या देशात १९८६ साली अर्नेट हे शिक्षणसंस्थांचे जाळे सुरू झाले. मुंबईत जुहूची एनसीएसटी ही संस्था आणि पवईचे आयआयटी ही त्यातली आरंभीची ठाणी. पुढे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथे सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले. तेव्हाही वर्गणी भरावी तोवर खाते चालावे, असा रोकडा व्यवहार होता.

हा व्यवहार बदलला १९९६ साली. सबीर भाटिया हा भारतीय तरुण आणि त्याचा सहकारी जॅक स्मिथ यांनी अमेरिकेत ४ जुलै १९९६ रोजी हॉटमेल सुरू केले. खाते फुकट आणि जगातल्या कोणत्याही संगणकावरून उघडता येण्याजोगे! पुढच्याच वर्षअखेर मायक्रोसॉफ्टने ही कंपनी विकत घेतली. याहूने आपले ईमेल काढले, मुंबईच्या रेडिफनेही काढले. मग तालुक्याच्या गावापर्यंत सायबर कॅफे पोचले. निकाल पाहायला गेलेला विद्यार्थी तेथे एक खाते उघडी, नोकरीचा अर्ज धाडायला गेला की दुसरे उघडी, आणि पहिल्याचा पासवर्ड विसरला म्हणून तिसरे. १ एप्रिल २००४ रोजी गूगलने जीमेल आणले व एक गिगाबाइट जागा देऊ केली. हॉटमेलची सुरुवात अवघ्या दोन मेगाबाइटवर झाली होती, म्हणजे ही जागा सुमारे पाचशे पट. जागा संपेना, तेव्हा पत्रे पुसण्याची सवयही सुटली.

याच सुमारास आणखी एक बदल झाला, आणि तो फारसा कोणाच्या ध्यानात आला नाही. ईमेल हे केवळ पत्र घेण्याचे ठिकाण न राहता दुसऱ्या कुलपांच्या किल्ल्या ठेवण्याची खुंटी बनले. रेल्वेचे तिकीट घ्या, बँकेचे खाते पाहा, शाळेच्या पोर्टलवर माहिती भरा. सर्वत्र ईमेलचा पत्ता मागतात. पासवर्ड विसरला तर नवा पासवर्ड करण्याचा दुवा त्याच पत्त्यावर येतो. म्हणजे ज्याच्या हाती ते खाते, त्याच्या हाती बाकीच्या किल्ल्या. सोडून दिलेल्या खात्याचा धोका येथे आहे. त्यातली जुनी पत्रे कोणी वाचील ही भीती आहेच. पण त्याहून मोठी भीती त्या खुंटीवरून कोणी किल्ल्या उचलून नेईल याची.

ही केवळ कल्पना नव्हे. २००९ साली ट्विटर ह्या कंपनीत अगदी असेच घडले. फ्रान्समधील एका घुसखोराने तिथल्या एका नोकराच्या जीमेल खात्यावर 'पासवर्ड विसरलो' असे कळविले. नवा पासवर्ड करण्याचा दुवा एका दुसऱ्या पत्त्यावर पाठविला आहे, असे उत्तर आले. तो पत्ता अर्धाअधिक झाकलेला होता, पण हॉटमेलचा असावा हे ओळखता येत होते. घुसखोराने तर्क लढवला आणि पाहिले, तो ते हॉटमेल खाते वापराविना केव्हाच रद्द झालेले! त्या वेळी असे सुटलेले नाव कोणालाही घेता येई. त्याने तेच नाव स्वतः नोंदविले, पुन्हा दुवा मागविला आणि तो त्याच्याच हाती आला. जीमेल उघडले. आतल्या जुन्या पत्रांत कुठल्याशा सेवेने कळविलेला एक पासवर्ड सापडला. त्याने जीमेलला तोच पासवर्ड परत लावला, म्हणून मूळ मालकाला संशयही आला नाही. पुढे तोच पासवर्ड कचेरीच्या खात्यालाही लागला. अखेर कंपनीचे तीनशेहून अधिक कागद बाहेर गेले व त्यांपैकी काही जुलै २००९ मध्ये जगापुढे छापले गेले. आणि हे सारे कशापायी? न वापरलेल्या एका फुकटच्या खात्यापायी.

दुसरी हकीकत याहूची. जून २०१३ मध्ये ह्या कंपनीने जाहीर केले की, वर्षभर किंवा अधिक काळ पडून असलेल्या खात्यांची नावे आम्ही नव्या लोकांना देऊ. सुटसुटीत नावे अडून बसली होती, ती मोकळी करावी असा हेतू. पण त्याच वर्षी तक्रारी आल्या की, नव्या मालकांना जुन्या मालकांची खासगी पत्रे येत आहेत. जुना भाडेकरू गेला, खोलीत नवा आला, आणि जुन्याच्या नावची पाकिटे त्याच दारी पडत राहिली, असा तो प्रकार. पत्र पाठविणाऱ्याने 'हा पत्ता अमुक तारखेपासून याच माणसाकडे असेल तरच पत्र द्यावे' अशी खूण घालावी, हा तोडगा निघाला. २०१४ साली त्याचा तांत्रिक नियमही झाला. पण ही खूण प्रत्येकजण घालीलच, याची हमी कोण देणार?

त्याच २०१३ साली याहूच्या भांडारावर मोठी चोरी झाली. ती लोकांना कळली डिसेंबर २०१६ मध्ये. प्रथम १०० कोटी खात्यांचा आकडा सांगितला गेला; ऑक्टोबर २०१७ मध्ये कंपनीने मान्य केले की, तेव्हाची सर्वच्या सर्व, म्हणजे ३०० कोटी खाती तिच्यात सापडली होती. त्यांत नावे, जन्मतारखा, दूरध्वनी क्रमांक आणि संकेतरूपातले पासवर्ड होते. ज्यांनी याहू कधीच सोडले होते, पण खाते मिटविले नव्हते, त्यांचीही माहिती त्यांत गेली. जेथे आपण राहत नाही, तेथेही आपल्या घरी चोरी होऊ शकते, ती अशी.

या अनुभवांनंतर कंपन्यांची धोरणे बदलली. गूगलने मे २०२३ मध्ये जाहीर केले की, दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती डिसेंबर २०२३ पासून मिटविली जातील. कारण असे दिले की, पडून राहिलेल्या खात्यांना दुहेरी कुलूप असण्याची शक्यता चालू खात्यांच्या मानाने किमान दहा पटींनी कमी असते. शाळा आणि कचेऱ्यांनी दिलेल्या खात्यांना हा नियम नाही. ती संस्थेने सांभाळावयाची. मिटविलेला जीमेल पत्ता गूगल दुसऱ्या कोणास देत नाही, ही जमेची बाजू. पण सर्वच कंपन्यांचे तसे नसते, हे याहूच्या उदाहरणावरून ध्यानात ठेवावे.

येथे कोणी विचारील, मग सरसकट सगळी जुनी खाती पुसून टाकावीत काय? थांबा. आपल्या इतिहासाचे एक बोलणे ऐका. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले, वाड्यांतून आणि माळ्यांवरून रुमाल सोडवून त्यांनी जुनी दप्तरे गोळा केली व १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापावयास घेतली. त्या दप्तरांत राजकारण होते, तसेच घरगुती जमाखर्चही होते. लिहिणाऱ्यांना तेव्हा कुठे वाटले असेल की, ह्याला पुढे मोल येईल? परदेशी गेलेल्या मुलाने आईवडिलांस धाडलेले पहिले ईमेल, दिवंगत गुरुजींनी विद्यार्थ्यास लिहिलेली चार ओळींची सूचना, हीच आपल्या काळची दप्तरे. ती खात्याबरोबर पुसली गेली तर कोणताही राजवाडे ती परत आणू शकणार नाही. म्हणून आधी दप्तर हलवावे, मग घर सोडावे. हा क्रम उलटला की नुकसान ठरलेले.

आता हा क्रम नीट पाहू.

पहिले काम, स्वतःच्या संगणकावरून किंवा मोबाइलवरून जुन्या खात्यात शिरावे. सायबर कॅफेत हे करू नये. जुना पासवर्ड दुसरीकडेही चालत असेल, तर तो तेथे आधी बदलावा.

दुसरे, किल्ल्यांची यादी करावी. खात्यातल्या शोधपेटीत बँक, विमा, पासवर्ड, स्वागत, पावती असे शब्द मराठीत आणि इंग्रजीत घालून पाहावे. कुठे कुठे हा पत्ता दिला आहे ते उमगेल. बँक, आधार, प्राप्तिकर, भविष्यनिर्वाह निधी आणि शाळेचे पोर्टल यांकडे विशेष लक्ष द्यावे. प्रत्येक ठिकाणी नवा पत्ता नोंदवावा व तेथे पत्र खरोखर येते का ते तपासावे. आपले नवे खाते अडल्यास त्याचा दुवा ह्याच जुन्या खात्यावर जात नाही ना, हे मात्र सर्वांत आधी पाहावे. ट्विटरची फजिती येथेच झाली.

तिसरे, पत्रे आणि छायाचित्रे उतरवून घ्यावीत. गूगलकडे यासाठी 'टेकआउट' नावाची सोय २०११ पासून आहे. उतरविलेले भांडार दोन ठिकाणी ठेवावे आणि उघडून पाहावे. गूगलचे संपूर्ण खाते मिटविले तर केवळ ईमेल जात नाही, छायाचित्रे आणि इतर कागदही जातात, हे विसरू नये.

चौथे, नातलगांस व स्नेह्यांस नवा पत्ता कळवून काही महिने थांबावे. वर्षातून एकदाच येणारी पत्रेही असतात. वर्षभर थांबला तर उत्तमच. जी पत्रे तेथे येतील, त्यांवरून यादीत राहिलेली नावे कळतील.

पाचवे, मगच खाते मिटवावे. मोबाइलमधून खाते काढले म्हणजे ते मिटले, असा समज पुष्कळांचा असतो. तो चुकीचा आहे. तसे केल्याने ते फक्त त्या मोबाइलवरून जाते. मूळ खाते जागच्या जागी राहते. ते कंपनीच्या संकेतस्थळावर, खात्याच्या व्यवस्थेच्या पानावरून मिटवावे लागते. मायक्रोसॉफ्ट ३० किंवा ६० दिवसांची मुदत देते. त्या अवधीत पुन्हा प्रवेश केल्यास खाते परत मिळते.

आणि कंपनी सुटलेले नाव दुसऱ्यास देणारी असेल तर? तर, श्रोतेहो, खाते न मिटविणेच बरे. आतली पत्रे पुसावीत, मजबूत व वेगळा पासवर्ड लावावा, दुहेरी कुलूप घालावे आणि वर्षातून दोन-चार वेळा आत डोकावून यावे. रिकामे घर विकायचे नसेल तर निदान दिवा लावून यावे, तसे.

मोबाइल क्रमांकाचेही असेच आहे. बंद झालेला क्रमांक किमान ९० दिवस दुसऱ्यास दिला जात नाही, असे दूरसंचार नियामकाने २०२३ साली सर्वोच्च न्यायालयात सांगितले. त्यानंतर तो दिला जाऊ शकतो. तेव्हा क्रमांक बदलला की सर्व खात्यांवरचा जुना क्रमांक आधी काढावा. नाहीतर आपला ओटीपी परक्याच्या हाती जायचा.

शिक्षकबंधूंस व भगिनींस एक विनंती. शाळेच्या कामाचे खाते एखाद्या गुरुजींच्या खासगी नावाने उघडू नये, शाळेच्या नावाने उघडावे. बदली झाली की चार्ज देताना दप्तर, हजेरीपट आणि किल्ल्या यांबरोबर खात्याचीही सुपूर्द करावी, आणि नव्या मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी पासवर्ड बदलावा. 'तुमचे खाते बंद होणार, येथे दाबा' अशी पत्रे हल्ली सर्रास येतात. त्यांतल्या दुव्यास हात लावू नये. पत्ता स्वतः टाइप करून खात्यात जावे. फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर १९३० ह्या क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

मराठेशाहीत पत्र पुरे झाले की त्याच्या शेवटी मोर्तबाची मुद्रा उमटवीत. पत्र येथे संपले, याखाली कोणी एक अक्षर वाढवू नये, हा तिचा अर्थ. लिहिण्याइतकीच संपविण्याचीही रीत होती. ईमेलच्या युगात खाते उघडायला आपण घाईघाईने शिकलो. मिटवायचे शिकणे मागे राहिले आहे. येत्या रविवारी घरातल्या वडीलधाऱ्यांस आणि मुलांस जवळ बसवा, कोणाची किती खाती पडून आहेत याची वहीत यादी करा, आणि एकेक रीतसर मार्गी लावा.