हिरवा पट्टा कोणाचा?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील खेडी ओस पडत होती आणि लंडनच्या कोंदट वस्त्यांत माणसे दाटीवाटीने राहत होती. या दुहेरी दुखण्यावर एबेनेझर हॉवर्ड यांनी १८९८ साली पुस्तक लिहून उपाय सुचविला. ते स्थापत्यविशारद नव्हते. संसदेतील भाषणे लघुलिपीत टिपून घेणे हा त्यांचा व्यवसाय. ६,००० एकर जमीन घ्यावी, १,००० एकरांवर ३०,००० लोकांचे नगर वसवावे आणि उरलेल्या ५,००० एकरांवर शेते, कुरणे व राने कायमची राखावीत, अशी त्यांची योजना होती. नगर भरले तर त्याने रान गिळू नये. रानापलीकडे दुसरे नगर वसावे.

१९०३ साली लंडनच्या उत्तरेस लेचवर्थ येथे सुमारे ३,८०० एकरांवर या स्वप्नाला आकार येऊ लागला. रेमंड अन्विन व बॅरी पार्कर यांनी आराखडा केला. नगराच्या मध्याजवळील नॉर्टन कॉमन हे सुमारे ६३ एकरांचे माळरान त्यांनी मोकळे ठेवले. ते आजही मोकळे आहे.

ते टिकले कसे? आमच्या मते, याचे उत्तर नकाशाहून अधिक जमिनीच्या मालकीत सापडते. येथील जमीन विकली जात नसे. ती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली जाई. मूळ मालकी कंपनीकडे राही, भागधारकांच्या लाभांशावर ५ टक्क्यांची मर्यादा होती आणि वाढत्या किमतीचा लाभ नगरालाच मिळावा, असा संकेत होता.

या व्यवस्थेची कसोटी १९६०च्या सुमारास लागली. बाहेरच्या गुंतवणूकदारांनी भाग विकत घेऊन कंपनीवर ताबा मिळविला. आता भूखंड विकले जाणार, ही भीती रास्त होती. रहिवासी व स्थानिक नगरपरिषद जागी झाली. त्यांनी संसदेचे दार ठोठावले. १९६२ च्या कायद्याने ही मालमत्ता सार्वजनिक महामंडळाकडे सोपविली गेली आणि १९९५ पासून एक लोकोपयोगी प्रतिष्ठान तिचा सांभाळ करीत आहे. नगराच्या शताब्दीनिमित्त शेतांतून व रानांतून नगराला वळसा घालणारी सुमारे २२ किलोमीटरची पायवाटही तयार झाली.

आपल्याकडेही विकास आराखड्यांत हिरवे पट्टे रंगविले जातात. नकाशावरील रंग एका अधिसूचनेने पालटू शकतो. लेचवर्थचे रान वाचले, कारण कायद्याला तेथील रहिवाशांच्या जागरूकतेची जोड मिळाली. आपल्या गावाच्या आराखड्यावर हरकती मागविल्या जातील, त्या दिवशी आपण किती जण तेथे हजर असू?