गंगाधरपंतांचे पानिपत (विज्ञानकथा)

'गंगाधरपंतांचे पानिपत' ही खगोलशास्त्रज्ञ आणि लेखक जयंत विष्णू नारळीकर (१९३८–२०२५) यांची मराठी विज्ञानकथा आहे. इतिहासाचे एक नामवंत प्राध्यापक अपघाताच्या क्षणी आपल्या ओळखीच्या जगातून निसटतात आणि पानिपतची तिसरी लढाई मराठ्यांनी जिंकली आहे अशा दुसऱ्या जगात जाऊन पोहोचतात, हे तिचे कथासूत्र. कथेचे संक्षिप्त इंग्रजी रूप 'द अॅडव्हेंचर' या नावाने अकरावीच्या पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाल्यामुळे मराठी न जाणणाऱ्या असंख्य विद्यार्थ्यांनाही ती परिचित आहे.

ही कथा काळप्रवासाची मानावी की नाही, असा प्रश्न वाचकाला पडतो. कथेचा नायक भूतकाळात जात नाही आणि भविष्यातही जात नाही. तारीख तीच राहते. बदलतो तो तिच्यामागचा दोन शतकांचा इतिहास. म्हणून तिला 'समांतर जगाची कथा' म्हणणे अधिक योग्य ठरते.

पार्श्वभूमी

नारळीकरांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापूर येथे झाला. केंब्रिज येथे फ्रेड हॉइल यांच्यासमवेत केलेल्या विश्वरचनाशास्त्रातील संशोधनामुळे ते तरुणपणीच प्रसिद्धीस आले. हॉइल स्वतः विज्ञानकथा लिहीत असत. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने घेतलेल्या विज्ञानकथा स्पर्धेत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठविली. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलट क्रमाने घेऊन हे नाव बनविले होते. लेखकाच्या कीर्तीचा परीक्षकांवर परिणाम होऊ नये, हा त्यामागील हेतू. त्या कथेस पारितोषिक मिळाले आणि मराठी विज्ञानकथेला एक अधिकारी लेखक लाभला. 'कृष्णविवर'मध्ये प्रबळ गुरुत्वाकर्षणाजवळ काळाची गती मंदावते, या सापेक्षतेच्या सिद्धांताचा उपयोग केलेला आहे. काळ हा नारळीकरांच्या कथालेखनाचा आरंभापासूनचा विषय होता, असे यावरून म्हणता येते.

कथानक

प्रा. गंगाधरपंत गायतोंडे हे पुण्याचे इतिहासकार. भारताच्या इतिहासाचे पाच खंड त्यांच्या नावावर आहेत आणि सभांचे अध्यक्षपद भूषविण्याचा त्यांचा अनुभव नऊशे नव्याण्णव व्याख्यानांचा आहे. हजारावे अध्यक्षीय भाषण पानिपतविषयक परिसंवादात व्हावयाचे असते. त्यापूर्वीच रस्त्यावर त्यांची एका मालमोटारीशी टक्कर होते.

यानंतर ते पुण्याहून मुंबईला जाणाऱ्या जिजामाता एक्स्प्रेसमध्ये आढळतात. गाडी दख्खनच्या राणीपेक्षा वेगवान आहे आणि पुण्याबाहेर ओळखीच्या औद्योगिक वसाहती दिसत नाहीत. लांबलचक बोगद्यानंतर 'सरहद्द' नावाचे लहानसे स्थानक लागते व तेथे परवाने तपासले जातात. येथून ब्रिटिश अंमल सुरू होतो, असे पेशावरला निघालेले सहप्रवासी खानसाहेब त्यांना सांगतात. मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीचे मुख्यालय दिमाखात उभे असते. आपल्या जगात हीच कंपनी १८५७ च्या उठावानंतर सत्ताहीन झाली आणि १८७४ साली विसर्जित झाली. फोर्ब्स कंपनीच्या कार्यालयात गंगाधरपंत आपला मुलगा विनय याची चौकशी करतात. त्या नावाचा कोणीही कर्मचारी तेथे नाही, असे उत्तर मिळते. हा प्रसंग अवघ्या काही ओळींचा आहे. इतिहास बदलला की नकाशे आणि राजवटी तर बदलतातच, पण पोटचा मुलगाही नाहीसा होऊ शकतो, हे मात्र येथेच जाणवते, आणि ही झळ पुढील सर्व राजकीय तपशिलांपेक्षा तीव्र आहे.

गोंधळलेला मनुष्य एरवी पोलीस किंवा वैद्य शोधील. गंगाधरपंत ग्रंथालय शोधतात. टाऊन हॉलमधील एशियाटिक सोसायटीत ते स्वतःचेच पाच खंड मागवितात. पहिले चार खंड औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत येतात आणि त्यांच्या आठवणीशी जुळतात. वाट फुटते ती पाचव्या खंडात. तेथे पानिपतावर अब्दालीचा पराभव झालेला असतो. विश्वासराव पुढे पेशवा होतात. कंपनीचे बळ मुंबई, कलकत्ता आणि मद्रास यांच्या आसपास आक्रसते. पुण्याचे राज्यकर्ते विज्ञान-तंत्रज्ञानाची केंद्रे उभारतात. विसाव्या शतकात लोकशाही येते. मुंबई इंग्रजांकडे उरते ती केवळ भाडेपट्ट्याने. हे सारे कशामुळे घडले, याचे उत्तर त्यांना 'भाऊसाहेबांची बखर' या ग्रंथात मिळते: विश्वासरावांच्या रोखाने आलेली गोळी कानाजवळून निघून गेली, तिळभराचा फरक पडता तर ते प्राणास मुकले असते.

ग्रंथालय बंद होताना बखर नकळत त्यांच्या खिशात राहते. रात्री आझाद मैदानावर एक सभा चालू असते आणि व्यासपीठावर अध्यक्षांची खुर्ची रिकामी दिसते. नऊशे नव्याण्णव सभांच्या अध्यक्षाला हे दृश्य सहन होत नाही. ते जाऊन खुर्चीवर बसतात आणि बोलू लागतात. त्या जगातील श्रोत्यांना मात्र अध्यक्षीय भाषणांचा वीट आलेला असतो. टोमॅटो आणि अंडी यांचा मारा होतो, जमाव व्यासपीठावर चढतो आणि प्राध्यापक अदृश्य होतात. पुढे आपल्या जगात ते त्याच मैदानावर सापडतात. बखर गर्दीत हरवलेली असते, पण तिचे एक फाटके पान खिशात उरलेले असते.

शीर्षकातील श्लेष

मराठीत 'पानिपत होणे' म्हणजे धुळधाण उडणे. शीर्षकाचा एक अर्थ 'गंगाधरपंतांनी पाहिलेले पानिपत' असा, तर दुसरा 'गंगाधरपंतांची झालेली दुर्दशा' असा आहे. मराठ्यांचे पानिपत टळलेल्या जगात प्राध्यापकांचे पानिपत व्हावे, हा विनोद लेखकाने कोठेही उलगडून सांगितलेला नाही. लढाई संक्रांतीच्या सुमारास झाली, यामुळे 'संक्रांत येणे' आणि पानिपत या दोन गोष्टी मराठी मनात एकमेकींना चिकटलेल्या आहेत. तिळभर अंतराने इतिहास फिरतो, हा तपशील त्या पार्श्वभूमीवर वाचल्यास अधिकच अर्थपूर्ण वाटतो.

ऐतिहासिक आधार

पानिपतची तिसरी लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली. आपल्या जगात विश्वासरावांना गोळी लागली व ते रणांगणावर पडले. ते पाहून सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर स्वार झाले आणि गर्दीत शिरले. भाऊंची अंबारी रिकामी दिसल्याने सैन्याचा धीर सुटला, असे परंपरेने सांगितले जाते. त्याच वर्षी नानासाहेब पेशवे यांचे पुण्यात निधन झाले आणि माधवराव पेशवेपदावर आले.

एका गोळीवर सर्व भार टाकणे हे कथेचे बळ आहे, पण इतिहास म्हणून ते अपुरे आहे. रसद तुटल्याने झालेली उपासमार, सैन्यासोबत असलेला बिनलढाऊ लोकांचा मोठा समुदाय आणि अब्दालीने अखेरच्या टप्प्यासाठी राखून ठेवलेली ताजी फौज ही कारणे विश्वासराव वाचले असते तरी शिल्लक राहिलीच असती. शिवाय गंगाधरपंत पुरावा म्हणून बखरीकडे वळतात, हेही लक्षणीय आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड प्रसिद्ध केला, त्यात पानिपतपर्यंतच्या काळातील अस्सल पत्रे होती आणि त्यांच्या आधारे त्यांनी बखरींच्या विश्वसनीयतेवर कठोर टीका केली होती. पंतांसारख्या अभ्यासकाने अस्सल पत्रे मागवावयास हवी होती, असा आक्षेप घेता येईल. मात्र गोळी आणि तीळ यांची गाठ पत्रापेक्षा बखरीच्या भाषेतच शोभते.

वैज्ञानिक आधार

गणितज्ञ मित्र राजेंद्र देशपांडे प्रारंभी हा सारा मनाचा खेळ मानतात. फाटके पान आणि आपल्या जगातील बखरीची छापील प्रत शेजारी ठेवल्यावर त्यांना मत बदलावे लागते: मजकूर तोच, फक्त एका ठिकाणी गोळी चुकते आणि दुसऱ्या ठिकाणी लागते.

देशपांडे दोन कल्पनांचा आधार घेतात. पहिली फ्रेंच गणितज्ञ रने थॉम यांनी मांडलेल्या 'कॅटॅस्ट्रॉफी' सिद्धांताची. परिस्थितीत हळूहळू होणारा अल्पसा बदल एखाद्या बिंदूशी एकाएकी मोठी उलथापालथ घडवितो. अटीतटीच्या लढाईत सेनानी पडणे हा असा बिंदू होय. दुसरी कल्पना पुंजयांत्रिकीतील. बंदुकीची गोळी कोठे जाईल हे गणिताने सांगता येते, परंतु इलेक्ट्रॉन कोठे सापडेल याविषयी केवळ संभाव्यता सांगता येते. १९५७ साली ह्यू एव्हरेट यांनी असे सुचविले की, शक्य असलेले सर्व पर्याय वेगवेगळ्या शाखांत प्रत्यक्षात येत असावेत. आपण त्यांपैकी एकाच शाखेत वावरतो. अपघाताच्या क्षणी गंगाधरपंत याच सिद्धांताचा आणि इतिहासाचा विचार करीत होते, आणि त्यामुळे संक्रमण घडले असावे, असे देशपांडे सुचवितात. हा दुवा विज्ञानाचा नसून कथेच्या सोयीचा आहे. एव्हरेट यांच्या मांडणीत एका शाखेतून दुसरीत जाण्याची वाट नाही.

काळप्रवासाच्या परंपरेतील स्थान

एच. जी. वेल्स यांच्या 'द टाइम मशीन' (१८९५) या कादंबरीपासून काळप्रवासी यंत्रात बसू लागला. रे ब्रॅडबरी यांच्या 'अ साउंड ऑफ थंडर' (१९५२) या कथेत भूतकाळात एक फुलपाखरू चिरडल्याने वर्तमान बिघडते. मुलांसाठी लिहिलेल्या अशा कथांत प्रवासी बहुधा कोणाला तरी वाचविण्यास निघतो. गंगाधरपंत कोणालाही वाचवीत नाहीत, काहीही दुरुस्त करीत नाहीत. ते वाचतात, टिपणे काढतात आणि पुराव्याचे एक पान घेऊन परततात. प्रवासी म्हणून त्यांची योग्यता अभ्यासकाची आहे.

विद्यार्थी आणि कथा

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या 'हॉर्नबिल' या अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात कथेचे संक्षिप्त रूप आहे. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना नारळीकर विज्ञानातील एखादा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठविण्यास सांगत आणि उत्तराखाली सही करून ते परत धाडीत. कथेतील देशपांडे आणि पंत यांच्या संवादालाही तेच वळण आहे: शंका, उत्तर, पुन्हा शंका.

'हॉर्नबिल' केंद्रीय मंडळाच्या शाळांत शिकविले जाते. त्यामुळे खोडाळा, मोखाडा किंवा जव्हार येथील राज्य मंडळाच्या मराठी माध्यमातील विद्यार्थ्याला ही मराठी कथा वर्गात त्या पुस्तकातून भेटत नाही. ती त्याला ग्रंथालयात जाऊन शोधावी लागते. केरळ किंवा आसाममधील विद्यार्थी ती इंग्रजीतून वाचतो, पण 'द अॅडव्हेंचर' या शीर्षकातून पानिपत हा शब्दच गळाला आहे, आणि त्याबरोबर अध्यक्षांच्या फजितीचा अर्धा विनोदही.