हृद्‌रोहिणी अंतर्क्लथन

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या हृद्‌रोहिणीत (रोहिणी म्हणजे धमनी) साचलेल्या मेदयुक्त थरावर रक्ताची गुठळी धरून वाहिनी अंशतः वा पूर्णपणे बंद होते, या क्रियेला हृद्‌रोहिणी अंतर्क्लथन म्हणतात. हृदयविकाराचे बहुतेक तीव्र झटके याच कारणाने येतात.

उच्च रक्तदाब, धूम्रपान, मधुमेह यांमुळे रोहिणीच्या अस्तराला इजा पोचली, की रक्तातील कमी घनतेची मेदप्रथिने अस्तराखाली शिरतात व ती गिळणाऱ्या भक्षक कोशिका मेदाने फुगून फेसाळ दिसू लागतात. या फेनकोशिका मरून थराचा मऊ, पिवळसर गाभा बनतो. ग्रीक भाषेत लापशीला ‘अथेरे’ म्हणतात; असे थर साचण्याच्या ‘अथेरोस्क्लेरोसिस’ या विकारनामाचा पूर्वार्ध त्यावरूनच आला आहे. शवविच्छेदनात असा थर कापला, तर गाभ्यातला लगदा सुरीच्या पात्याला लागतो.

गाभ्यावर तंतुमय टोपण असते आणि रुग्णाचे भवितव्य थराच्या जाडीपेक्षा या टोपणाच्या बळकटीवर अधिक अवलंबून असते, ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. जाड टोपणाचा थर वाहिनी अरुंद करतो, त्यामुळे जिना चढताना छातीत दुखते आणि विसावा घेतला की थांबते; उलट, फाटलेले टोपण बहुधा ०.०६५ मिमी.पेक्षाही पातळ आढळते आणि अशा थराने वाहिनी आधी फारशी अरुंद केलेली असतेच असे नाही. टोपण फाटताच गाभ्याचा रक्ताशी संबंध येतो, बिंबाणू (रक्त गोठविण्यास मदत करणारे सूक्ष्म कण) तेथे चिकटतात, फायब्रिन या प्रथिनाच्या धाग्यांत तांबड्या कोशिका अडकतात व गुठळी वाढते. टोपण न फाटता नुसते अस्तर झिजूनही गुठळी धरते. त्याच्या प्रमाणाविषयी मतभेद आहेत.

जेम्स हेरिक यांनी १९१२ मध्ये शिकागो येथून या विकाराचे लक्षणवर्णन प्रसिद्ध केले. गुठळी हे झटक्याचे कारण की परिणाम, हा वाद मात्र पुढे अनेक दशके चालला. १९८० मध्ये डीवुड व सहकाऱ्यांनी झटका सुरू झाल्यापासून चार तासांच्या आत तपासलेल्या १२६ रुग्णांपैकी ११० जणांत रोहिणी पूर्ण बंद असल्याचे दाखविले आणि वादाचा निकाल गुठळीच्या बाजूने लागला.

उपचारांत गुठळी विरघळविणारी औषधे, ॲस्पिरीन व फुग्याने वाहिनी उघडणे यांचा समावेश होतो. १९८८ च्या ‘आयसिस-२’ चाचणीत पाच आठवड्यांतील हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण स्ट्रेप्टोकायनेज (गुठळी विरघळविणारे औषध) व ॲस्पिरीन दोन्ही दिलेल्यांत ८ टक्के, तर दोन्ही न दिलेल्यांत १३.२ टक्के होते.