खोटा इतिहास पुराव्याने खोडायचा असतो : ड्यू बॉइस यांच्याकडून काय शिकायचे?

‘आरक्षणामुळे गुणवत्ता बुडाली’ हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी कॉलेजात कधी ना कधी ऐकले आहे. पुरावा मागितला की समोरचा गप्प बसतो, पण वाक्य मात्र पुढच्या पिढीपर्यंत पोहोचतेच. असेच एक वाक्य अमेरिकेत कित्येक दशके चक्क इतिहास म्हणून शिकवले गेले. ते पुराव्याने खोडणारे इतिहासकार म्हणजे डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस. आंबेडकरी तरुणांना त्यांची ओळख असायलाच हवी.

१८६८ साली मॅसॅच्युसेट्स राज्यात जन्मलेले ड्यू बॉइस हे हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन (१८९५). पुढे ते अटलांटा विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्यांचा सर्वात मोठा लढा होता तो १८६५ ते १८७७ या काळाच्या इतिहासासाठी.

यादवी युद्धानंतर गुलामगिरी संपली. १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने वर्णावरून मताधिकार नाकारण्यास बंदी आली. कालचे गुलाम विधिमंडळात बसले, सिनेटपर्यंत पोहोचले. दक्षिणेकडील राज्यांत सार्वजनिक शाळा उभ्या राहिल्या. मग दहशत, कर आणि साक्षरतेच्या परीक्षा यांच्या जोरावर हा मताधिकार पुन्हा हिरावून घेतला गेला.

आणि विद्यापीठांनी काय केले? या लुटीला शास्त्राचा मुलामा दिला. कोलंबिया विद्यापीठातील विल्यम डनिंग आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी लिहिले की, काळ्यांना मत देणे हीच चूक होती, ते राज्य करायला लायकच नव्हते. १९१३ साली बाबासाहेब ज्या कोलंबियात शिकायला गेले, त्याच कोलंबियात डनिंग शिकवत होते. त्याच वर्षी ते अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनचे अध्यक्षही होते. म्हणजे हे मत कोण्या माथेफिरूचे नव्हते. देशातील सर्वात प्रतिष्ठित इतिहासकारांचे ते मत होते.

ड्यू बॉइस यांनी १९०९ मध्ये याच असोसिएशनच्या अधिवेशनात या काळाचे लाभ सांगणारा निबंध वाचला. १९३५ मध्ये ‘ब्लॅक रीकन्स्ट्रक्शन इन अमेरिका’ हा सातशेहून अधिक पानांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. सरकारी अहवाल, कायदे आणि विधिमंडळांची कामकाजे यांच्या आधारे त्यांनी काळ्यांनी काय उभे केले ते मांडले. शेवटच्या प्रकरणात तर पाठ्यपुस्तकांचाच पंचनामा केला. असोसिएशनच्या नियतकालिकाने तेव्हा या ग्रंथाचे साधे परीक्षणही छापले नाही. आज मात्र डनिंग यांची मांडणी टाकून दिली गेली आहे आणि ड्यू बॉइस यांना टाळून या काळाचा अभ्यास करता येत नाही.

या ग्रंथातील एक मुद्दा आपल्याला फार जवळचा आहे. गरीब गोरा मजूर काळ्या मजुराशी एकजूट का करत नाही? कारण कमी मजुरीसोबत त्याला गोरेपणाचा मान मिळतो. बाबासाहेबांनी सांगितलेली श्रेणीबद्ध विषमता समजलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

बाबासाहेबांनीही हे नाते ओळखले होते. जुलै १९४६ मध्ये त्यांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले, अस्पृश्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या स्थितीतील साम्य सांगितले आणि संयुक्त राष्ट्रांपुढे मांडलेल्या कृष्णवर्णीयांच्या निवेदनाच्या प्रती मागितल्या. ड्यू बॉइस यांनी त्याच महिन्यात उत्तर देऊन भारतातील अस्पृश्यांविषयी सहानुभूती व्यक्त केली.

आता प्रश्न आपल्या नागपूरचा. १९४२ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना येथे झाली. १४ ऑक्टोबर १९५६ ची धम्मक्रांतीही येथेच झाली. याच शहराच्या महारवाड्यात वाढलेल्या वसंत मून यांनी सरकारी नोकरी करत बाबासाहेबांचे कागद जमवले आणि १९७९ पासून शासनातर्फे त्यांचे खंड संपादित केले. त्यांच्याकडे विद्यापीठाची खुर्ची नव्हती, पण त्या खंडांशिवाय आज कोणत्याही विद्यापीठात बाबासाहेबांवर संशोधन होऊ शकत नाही.

आणि आपण? आपल्याकडे भाषणे आहेत, स्टेटस आहेत, पुरावे न तपासता पुढे ढकललेले मेसेज आहेत. आम्ही उत्तर नागपूरच्या वस्त्यांत काम करतो. दीक्षा सोहळ्याच्या दिवशी दहा वर्षांची असलेली मुलगी आज ऐंशीच्या घरात आहे. तिची आठवण कोणी लिहून घेतली? घराघरांतल्या पेट्यांत जुनी पत्रके, पावत्या, फोटो आहेत. घर पाडून नवे बांधताना ते रद्दीत जातात. ते वाचले नाहीत, तर उद्या आपला डनिंग आपल्याच शहरात जन्माला येईल आणि त्याला उत्तर द्यायला आपल्याकडे घोषणांशिवाय काही उरणार नाही.

म्हणून आमचे सांगणे एवढेच : या महिन्यात आपल्या वस्तीतील एका वृद्ध माणसासमोर बसा. नाव, गाव, वर्ष विचारा. मोबाईलवर रेकॉर्ड करा, कागदाचा फोटो घ्या, तारीख लिहून ठेवा. खोट्या इतिहासावर नुसता संताप करून भागत नाही. तो पुराव्याने खोडावा लागतो.

जय भीम!