हडपसर, रात्री नऊच्या आधी

शनिवार, 31 मे 2014, रात्र. अजून सुमारे 48 तास

फेसबुकवर छत्रपती शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रे फिरू लागली. ती कुणी टाकली याचा पोलिसांना पत्ता लागण्याआधीच पुण्याच्या रस्त्यांवर जमाव उतरला. पहिले दगड पडले ते पीएमपीएमएलच्या बसवर. दंगलीत बस नेहमीच आधी सापडते, कारण ती मोठी असते, मंद असते आणि ठरलेल्या वेळी ठरलेल्या रस्त्याने येते. शिवाय ती कुणा एकाची नसते, त्यामुळे तिच्यासाठी आडवे पडणारे कुणी नसते.

पण बसची काच फुटली की नुकसान काचेपुरते राहत नाही. हडपसरहून कॅम्पात कामाला जाणारी मोलकरीण, रामटेकडीच्या कारखान्यातला हेल्पर, मंडईत माल उतरवणारा हमाल यांचा दुसऱ्या दिवसाचा रोज तिथेच बुडतो.

रविवार, 1 जून, सकाळ. 36 तास

शहराच्या अनेक भागांत टोळकी फिरत होती, दुकाने बंद करायला लावत होती. ‘बंद करा’ म्हणायला आलेल्या वीस पोरांशी वाद घालत कुणी दुकानदार उभा राहत नाही. तो शटर ओढतो, कुलूप लावतो आणि गल्लीच्या तोंडाशी उभा राहून लांबून दुकानाकडे बघत राहतो.

जूनचा पहिला आठवडा म्हणजे पेठांपासून हडपसरपर्यंत प्रत्येक छोट्या दुकानदाराच्या वर्षातले महत्त्वाचे दिवस. पंधरवड्यात शाळा उघडणार असतात. वह्या, दप्तरे, गणवेश, रेनकोट, छत्र्या असा माल उधारीवर भरलेला असतो आणि घाऊक व्यापाऱ्याला तारीख दिलेली असते. ही विक्री ऑगस्टमध्ये भरून निघत नाही. दंगलीचे नुकसान मोजताना जळालेले आणि फुटलेले तेवढे पंचनाम्यात येते. न विकलेल्या वह्यांचा पंचनामा होत नाही.

त्या दोन-तीन दिवसांत मुस्लिमांच्या मालकीची दुकाने, बेकऱ्या आणि प्रार्थनास्थळे लक्ष्य झाली. चित्रांशी त्यांचा काही संबंध आहे का, हा प्रश्न जमावाला पडलाच नव्हता.

सोमवार, 2 जून, पहाटे चार. 17 तास

एरवी या वेळेला बेकरीची भट्टी पूर्ण तापलेली असते. बेकरीचा दिवस आदल्या संध्याकाळीच सुरू होतो. मैदा मळला जातो, पीठ फुगायला ठेवले जाते, मध्यरात्रीनंतर लादी पाव भट्टीत जातो आणि उजाडायच्या आत सायकलींवरून, मोपेडवरून वडापावच्या गाड्यांपर्यंत, टपऱ्यांपर्यंत, किराणा दुकानांपर्यंत पोचतो. कारागीर बहुतेक परगावचे, कित्येक जण उत्तर प्रदेशातून आलेले. भट्टीच्या वरच्या माळ्यावरच ते झोपतात. बेकरीवर दगड आला तर तो दुकानावर येतो आणि घरावरही.

या धंद्यात थांबणे म्हणजे काय ते बाहेरच्याला चटकन कळत नाही. मळलेले पीठ दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही. आणि बेकरी बंद राहिली की त्या पावावर चालणारी प्रत्येक गाडी बंद राहते. ती गाडी मराठा घरातल्या विधवा बाईची असेल, माळी घरातल्या पोराची असेल. मालकाचे नाव विचारून बेकरीवर दगड मारणाऱ्याला हा हिशेब ठाऊक नसतो, किंवा ठाऊक असून तो मारतो. दुसरी शक्यता मला अधिक अस्वस्थ करते.

सकाळी अकरा. 10 तास

त्या दिवशी वाहिन्यांवर तेलंगण होते. देशाचे एकोणतिसावे राज्य त्याच दिवशी जन्माला आले. केंद्रात नवे सरकार येऊन आठवडाच झाला होता. पुण्याची दगडफेक बातम्यांत होती, पण ती शहराची बातमी होती.

हडपसरचा तोंडवळा तोवर पुरता बदलला होता. मांजरी-फुरसुंगीच्या मळ्यांच्या शेजारी मगरपट्टा सिटीच्या काचेच्या इमारती, सोलापूर रस्त्यावर गाडीतळाची अखंड गर्दी, आणि सातववाडी, सय्यदनगर, काळेपडळ अशा वस्त्यांत भाड्याच्या खोल्या. त्या खोल्यांत सोलापूर, लातूर, उस्मानाबादहून आलेली मुले दोघे-तिघे मिळून राहत. कुणी कंपनीत, कुणी गॅरेजात. महिन्याच्या महिन्याला गावी पैसे जात. अशाच एका खोलीत सोलापूरचा एक तरुण राहत होता. आयटी कंपनीत नोकरीला होता. फेसबुकवरच्या त्या चित्रांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता.

संध्याकाळी सात. 2 तास

दिवस मावळतो. रस्त्यावर उजेड कुणाचा असतो, हे पुणेकरांना बंदच्या रात्री कळते. महापालिकेचे दिवे वर असतात, पण माणसाचा चेहरा दिसतो तो मेडिकलच्या, पानटपरीच्या, ज्यूस सेंटरच्या उजेडात. नऊ वाजता गल्लीच्या कोपऱ्यावर कोण उभे आहे, ते रोजचे आहे की परके, हे चहावाल्याला माहीत असते. त्याचा गल्ला आणि गल्लीची राखण ही दोन वेगळी कामे नाहीत. बंद पाळला जातो तेव्हा शटरबरोबर ही राखणही खाली येते. ‘खबरदारी म्हणून दुकाने बंद ठेवा’ हा सल्ला मला म्हणूनच पटत नाही. उघडी दुकाने राखायला पोलीस उभे करावेत, बंद दुकाने राखायला नव्हे.

रात्री साडेआठ. अर्धा तास

हल्ल्याच्या अर्धा तास आधी हिंदू राष्ट्र सेना या संघटनेची एक सभा झाली, असे अभियोग पक्षाने पुढे न्यायालयात सांगितले. मुंबई उच्च न्यायालयाच्या जामीन आदेशातही त्या सभेचा उल्लेख आहे.

रात्री नऊच्या सुमारास

नमाज पढून तो तरुण मित्राबरोबर उन्नतीनगरकडे परतत होता. दाढी होती, डोक्यावर टोपी होती. तेवढ्यावरून तो ओळखला गेला. हॉकी स्टिक आणि दांडक्यांनी मारहाण झाली. त्याच परिसरात आणखी दोघे जखमी झाले. सोलापूरचा तो तरुण वाचला नाही.

मंगळवार, 3 जून आणि पुढे

सकाळीच दिल्लीत मोटार अपघातात केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे गेले. राज्य त्या धक्क्यात बुडाले, आणि हडपसर आतल्या पानावर गेले. या खुनाच्या प्रकरणात पोलिसांनी हिंदू राष्ट्र सेनेच्या कार्यकर्त्यांना अटक केली, पुढे संघटनेच्या प्रमुखावरही खटला चालला. आसपासच्या वस्त्यांतले काही तरुण खोली सोडून गावी निघून गेले.

दुकानदारांची कसोटी आता सुरू झाली. आपल्याकडच्या आगीच्या विम्यात दंगलीचे नुकसान सहसा धरलेले असते. पण विमा असतो तो मुख्यतः बँकेचे कर्ज घेतलेल्याकडे. टपरीवाल्याकडे, हातगाडीवाल्याकडे तो नसतो. आणि विमा असला तरी तक्रार हवी, पंचनामा हवा. ज्या गल्लीत उद्या पुन्हा शटर उघडायचे, तिथल्याच पोरांविरुद्ध चौकीत नाव कसे द्यायचे? त्या दिवसांत पुण्यात कितीतरी फुटलेल्या काचा मालकांनी मुकाट्याने स्वतःच्या खर्चाने बसवल्या असतील. पुढे त्याच महिन्यात ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या हडपसरपर्यंत आल्या, तिथून एक दिवे घाटाकडे आणि दुसरी लोणीकडे वळली. वारकऱ्यांना चहा-बिस्किटे वाटणाऱ्यांत या वाटेवर दरवर्षी सगळ्या धर्मांचे दुकानदार असतात.

त्या तरुणाच्या खुनाच्या खटल्यात जानेवारी 2017 मध्ये उच्च न्यायालयाने तीन आरोपींना जामीन दिला. मृताचा दोष एवढाच की तो वेगळ्या धर्माचा होता, अशी नोंद आदेशात होती, आणि ती आरोपींच्या बाजूने धरली गेली. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि एखाद्या समाजाच्या बाजूचा वा विरोधातला वाटेल असा मजकूर न्यायालयांनी लिहू नये, असे बजावले. हा सगळा काळ सोलापूरचे ते कुटुंब तारखा मोजत होते. जानेवारी 2023 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने पुराव्याअभावी सर्व आरोपींची निर्दोष मुक्तता केली. त्या रात्री नऊ वाजता त्या रस्त्यावर एक तरुण मारला गेला, एवढे निर्विवाद आहे. कुणी मारले, हे कायद्याच्या लेखी अजून ठरलेले नाही.