बिजागरी

दार, खिडकी, पेटी वा कपाट यांची झडप चौकटीशी जोडून ती एका अक्षाभोवती फिरती ठेवणारी जोडणी. नेहमीच्या बिजागरीत दोन पाने, त्यांच्या कडा वळवून केलेल्या नळ्या व त्या नळ्यांतून जाणारी खीळ असे भाग असतात. खीळ व नळी यांच्यामधील वंगण संपले किंवा तेथे गंज आणि धूळ साचली, म्हणजे ही पृष्ठे सलग न घसरता क्षणोक्षणी चिकटत व सुटत सरकतात आणि त्यांतून कंपने निर्माण होतात. आवाजाचा उगम खिळीशी असला, तरी तो मोठा होतो फळीमुळे. म्हणून कपाटाचे पातळ दार लहानशा बिजागरीवरही चांगलेच करकरते.

धातूची बिजागरी रूढ होण्यापूर्वी दारे बहुधा खुंट्यांवर फिरत. झडपेच्या एका कडेला वर व खाली गोल खुंट्या काढून खालची दगडी खळग्यात व वरची चौकटीच्या भोकात बसवीत. मेसोपोटेमियात असे खळग्यांचे दगड सापडले असून लगशचा राजा गुडिआ (इ. स. पू. सु. २१००) याच्यासारख्या राजांनी त्यांवर आपले लेख कोरविले आहेत. मराठवाड्यातील जुन्या माळवदाच्या वाड्यांतील जड दारेही याच पद्धतीची आढळतात. ओतीव लोखंडाच्या बिजागरीचे एकस्व इंग्‍लंडमध्ये १७७५ मध्ये देण्यात आले. पुढे ती स्वस्त झाली व साध्या घरांतही पोहोचली.

कुरकुरणाऱ्या दारावरील एक जुना वाङ्‌मयीन उपाय पाण्याचा आहे. शूद्रकाच्या मृच्छकटिक नाटकाच्या तिसऱ्या अंकात चोरीसाठी घरात शिरलेला शर्विलक जीर्ण घराचे दार वाजते म्हणून पाणी शोधतो, ते दारावर शिंपडतो आणि पाणी भुईवर पडून आवाज होईल या भीतीने पुन्हा सावध होतो. रोमन नाटककार प्लॉटस याच्या कर्क्यूलिओ या नाटकातही एक वृद्धा दाराच्या खुंटीवर पाणी ओतते. दोन्ही प्रसंग रात्रीचे व चोरटेपणाचे आहेत, हा योगायोग लक्षणीय होय. शूद्रकाने दाराच्या झडपेसाठी योजलेला ‘कपाट’ हा शब्द मराठीत ‘कवाड’ या रूपाने दारालाच राहिला, तर मूळ रूप दारे असलेल्या फडताळाला चिकटले.

चोराला पाणी पुरते. घरमालकाला पुरत नाही. लाकूड वाळताच आवाज परत येतो आणि लोखंडी खिळीला तर गंज चढतो. म्हणून हात तेलाच्या बुधलीकडे जातो, आणि खरी चूक बहुधा येथेच होते. बीड जिल्ह्यासारख्या कमी पावसाच्या मुलखात करडई व जवस ही पूर्वापार तेलबियांची पिके. करडईच्या तेलात लिनोलेइक अम्लाचे प्रमाण सु. ७५ टक्के असते. अशी तेले हवेतील ऑक्सिजन शोषून घट्ट होतात; जवसाचे तेल तर याच गुणामुळे रंगात वापरतात. करडईचे तेल आटवून केलेल्या ‘रोगणा’ने चामडे व कापड जलाभेद्य करीत असत. हेच तेल बिजागरीत घातले, तर दार काही दिवस मुके होते. पुढे तेलाचा चिकटा बनतो, त्यात धूळ अडकते व दार पूर्वीपेक्षा जास्त ओढते. बीडमधील ऊसतोड कामगारांची अनेक घरे दर वर्षी गाळपाच्या हंगामात कित्येक महिने बंद असतात. न हलणाऱ्या बिजागरीत हे घट्ट होणे निर्वेध चालते. एरंडेल मात्र सहसा असे वाळत नाही. एकोणिसाव्या शतकात भारतीय रेल्वेत त्याचा वंगण म्हणून उपयोग होत असे. खोबरेल वाळत नसले, तरी सु. २४° से. च्या खाली गोठते.

उपाय करताना प्रथम स्क्रू पहावेत. ते ढिले असल्यास झडप लोंबते, खीळ तिरपी घासते आणि कोणतेही वंगण टिकत नाही. भोक मोठे झाले असल्यास त्यात लाकडाची काडी ठोकून स्क्रू पुन्हा आवळतात. दाराखाली आधार देऊन खीळ वर काढावी, रॉकेलने पुसून जुना चिकटा व गंज घालवावा आणि शिलाई यंत्राच्या तेलाचे दोन-तीन थेंब किंवा थोडे ग्रीस लावून ती परत बसवावी. खीळ निघण्याजोगी नसेल, तर पेन्सिलीच्या शिशाची (वस्तुतः ग्रॅफाइटाची) पूड चालते. तिला धूळ फारशी धरत नाही. फिरती खुंटी लाकडी असल्यास तेलाऐवजी मेण किंवा कोरडा साबण घासणे बरे, कारण तेल लाकडात मुरून जाते.

अलीकडच्या तयार कपाटांत ३५ मिमी. व्यासाच्या खोबणीत बसणारी, बाहेरून न दिसणारी बिजागरी असते. तिच्यात एकाऐवजी अनेक सांधे असल्याने आवाज कोणत्या सांध्यातून येतो, हे दार हळूहळू हलवून ओळखावे लागते. अशा बिजागरीचा आवाज पुष्कळदा वंगणाअभावी नसून दार चौकटीला घासल्याने येतो. तेव्हा तेलकुपीपेक्षा स्क्रूने दार सरळ करणेच अधिक उपयोगी पडते.