स्वयंचलित आयात (संगणक प्रोग्रॅमिंग)

स्वयंचलित आयात ही प्रोग्रॅम लिहिण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कोड एडिटरांमधील एक सोय आहे. दुसऱ्या फाइलमध्ये किंवा लायब्ररीत व्याख्या केलेले नाव वापरले असता, त्यासाठी लागणारे इम्पोर्ट विधान एडिटर स्वतः फाइलच्या आरंभी लिहितो. न वापरलेली विधाने काढून टाकणे व उरलेली विधाने क्रमवार मांडणे, ही कामेही याच सोयीत मोडतात.

पार्श्वभूमी

मोठा प्रोग्रॅम अनेक फायलींत विभागलेला असतो. जावा, पायथॉन, टाइपस्क्रिप्ट यांसारख्या भाषांत बाहेरचे नाव वापरताना ते कोठून घेतले हे सामान्यतः सांगावे लागते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटेलिजे आयडिया व एक्लिप्स यांच्या प्रसाराबरोबर ही सोय जावा प्रोग्रॅमरांत रूढ झाली. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्ट, रेड हॅट व कोडेन्व्ही यांनी लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर केला. त्यामुळे एखाद्या भाषेसाठी एकदा तयार केलेली विश्लेषणाची यंत्रणा व्हीएस कोड, व्हिम, ईमॅक्स अशा वेगवेगळ्या एडिटरांत वापरता येऊ लागली.

कार्यपद्धती

प्रकल्पातील फायली व संगणकावरील लायब्रऱ्या वाचून त्यांतील नावांची सूची तयार केली जाते. टाइप केलेले नाव या सूचीत शोधले जाते व जुळणारे पर्याय प्रोग्रॅमरपुढे ठेवले जातात. पर्याय निवडताच विधान जोडले जाते. गो भाषेत न वापरलेली आयात असल्यास प्रोग्रॅम कंपाइल होत नाही. त्यामुळे फाइल सेव्ह करतानाच गोइम्पोर्ट्स हे साधन चालवण्याचा प्रघात आहे.

समान नावांचा प्रश्न

एडिटर मुख्यतः नाव जुळवतो. प्रोग्रॅमरच्या मनातील अर्थ त्याला कळत नाही. जावात 'लिस्ट' हे नाव 'एडब्ल्यूटी' व 'यूटिल' या दोन्ही पॅकेजांत आहे. १९९८ मधील जावा १.२ आवृत्तीत 'यूटिल'मध्ये हे नाव नव्याने आले. तेव्हा तारांकन वापरून दोन्ही पॅकेजे सरसकट आयात करणारे व 'लिस्ट' वापरणारे जुने प्रोग्रॅम संदिग्ध ठरून कंपाइल होईनासे झाले. म्हणून प्रत्येक नाव स्वतंत्रपणे आयात करणे अधिक सुरक्षित मानले जाते.

काही वेळा चूक उघड होत नाही. पायथॉन ३ मध्ये देवनागरी नावे चालतात. समजा, 'वर्धा' व 'नागपूर' या दोन मॉड्यूलांत प्रत्येकी 'तालुके' नावाची यादी आहे. सेवाग्राम ज्या जिल्ह्यात आहे त्या वर्धा जिल्ह्याचे तालुके मोजताना 'नागपूर'मधील यादी आयात झाली, तर प्रोग्रॅम विनातक्रार चालेल; पण उत्तर ८ ऐवजी १४ येईल. यासाठी जोडले गेलेले विधान वाचून पाहणे आवश्यक असते.

मर्यादा

जावात आयातीचा उपयोग केवळ कंपाइल करताना नावे ओळखण्यासाठी होतो. पायथॉनमध्ये मात्र मॉड्यूल प्रथम आयात होताना त्यातील वरच्या स्तरावरील सूचना प्रत्यक्ष चालतात. त्यामुळे अनावश्यक आयातीने प्रोग्रॅम सुरू होण्यास विलंब होऊ शकतो. दोन मॉड्यूले एकमेकांना आयात करू लागल्यास चक्रीय आयातीचा दोष उद्भवू शकतो. विधानांचा क्रम बदलल्यानेही काही प्रोग्रॅमांचे वर्तन बदलते. तसेच संगणकावर नसलेली लायब्ररी ही सोय सहसा सुचवू शकत नाही. ती आधी इन्स्टॉल करावी लागते.